‘ससून’ म्हणजे काय? : पवित्र शास्त्रातील एका शब्दाचा अभ्यास





या अंकातील अभ्यासासाठी मी एक असा हिब्रू शब्द निवडला आहे, जो पुण्यात राहणारा प्रत्येक माणूस उच्चारतो. रिक्षावाले तो उच्चारतात, एसटीचे कंडक्टर उच्चारतात, भीमाशंकरच्या डोंगरातल्या वाड्यांवरची लेकरेसुद्धा उच्चारतात. पण हा शब्द पवित्र शास्त्रातला आहे, हे आपल्या मंडळीतही फार थोड्यांना ठाऊक असते. तो शब्द म्हणजे ‘ससून’.

हा विषय मला सुचला तो एका आजींमुळे. त्या आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील महादेव कोळी समाजाच्या. त्यांच्या मुलाला तालुक्याच्या रुग्णालयातून पुण्याला पाठवले होते आणि सोबत म्हणून मी त्यांच्याबरोबर बसलो होतो. बोलता बोलता त्यांनी विचारले, “ह्या दवाखान्याला ससून का म्हंत्यात?” मी सांगितले की ते दान देणाऱ्याचे नाव आहे आणि त्याचा अर्थ ‘आनंद’ असा होतो. आजी माझ्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “दवाखान्याला असलं नाव कोन ठेवील?”

प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे “त्याला ससूनला नेलंय” असे कोणी म्हटले की ऐकणाऱ्याच्या काळजात धस्स होते. कारण दुखणे मोठे असते तेव्हाच माणसाला इतक्या लांब आणतात. मग या नावाचा आणि त्या वास्तूचा मेळ कसा बसतो? चला, आधी नाव कोठून आले ते पाहू आणि मग पवित्र शास्त्र उघडू.

१. हे नाव पुण्यात कसे आले?

डेव्हिड ससून यांचा जन्म १७९२ साली बगदाद शहरात एका यहूदी कुटुंबात झाला. त्यांचे वडील शेख ससून बिन सालेह हे तेथील यहूदी समाजाचे पुढारी आणि पाशाच्या दरबारातील खजिनदार होते. म्हणजे ‘ससून’ हे मुळात आडनाव नव्हते. ते वडिलांचे नाव होते. आपण मराठी माणसे आपल्या नावापुढे वडिलांचे नाव लावतो, तसेच हे झाले. ‘डेव्हिड’ म्हणजे आपला दाविद. ‘डेव्हिड ससून’ याचा अर्थ एवढाच, की ससूनचा मुलगा दाविद. पुढे मुलानातवंडांनी तेच आडनाव म्हणून चालवले. डेव्हिड यांनी आपल्या एका मुलाचे नावही आजोबांवरून ससून असेच ठेवले होते.

बगदादमध्ये दाऊद पाशाच्या अमलात छळ सुरू झाला, तेव्हा या कुटुंबाला घरदार सोडून पळावे लागले. वडील इराणच्या किनाऱ्यावरील बुशहर बंदरात वारले. डेव्हिड १८३२ च्या सुमारास मुंबईला आले. तेथे त्यांचा व्यापार वाढला आणि पैसा आला. मुंबईतले डेव्हिड ससून ग्रंथालय आणि कोळी बांधवांच्या मासळीबाजाराने गजबजलेला ससून डॉक ही नावे याच घराण्याची.

पुण्यात त्यांचे घर होते. १८६४ साली त्याच घरी त्यांचे निधन झाले. त्यांची कबर कॅम्पातील ‘लाल देवळा’च्या आवारात आहे. या यहूदी प्रार्थनामंदिराचे खरे नाव ‘ओहेल दाविद’, म्हणजे दाविदाचा तंबू. हे दोन शब्द यशया १६:५ मध्ये आले आहेत. तेथे संदेष्टा दयेने स्थापन झालेल्या आणि न्यायाने चालणाऱ्या राजासनाविषयी बोलतो. पुणे स्टेशनजवळचे रुग्णालय आणि कॅम्पातील हे मंदिर, या दोन्ही इमारतींचा आराखडा कर्नल विल्किन्स या एकाच लष्करी अभियंत्याने केला आणि दोन्ही १८६७ साली तयार झाल्या. त्या वेळी रुग्णालयात १४४ रुग्णांची सोय होती. ज्यांच्या दानातून ते उभे राहिले ते डेव्हिड ससून मात्र ते पाहायला उरले नव्हते. एकाने पेरावे आणि दुसऱ्याने कापावे, असे योहान ४:३७ मध्ये प्रभूने सांगितले आहे, ते येथे खरे झाले.

२. शब्दाची घडण

आता शब्दाकडे वळू. हिब्रू लिपीत एकच अक्षर दोन प्रकारे वाचतात. त्याच्या डोक्यावर उजव्या बाजूला टिंब असेल तर ‘श’ आणि डाव्या बाजूला असेल तर ‘स’. ‘ससून’ या शब्दात हे अक्षर दोनदा येते आणि दोन्ही वेळा ‘स’ असेच वाचतात. शास्त्रातील नेमका उच्चार ‘सासोन’ असा आहे. आपल्याकडे रूढ झाला तो ‘ससून’. या लेखात आपण आपल्या सवयीचाच उच्चार ठेवू.

काही जणांना वाटते की ‘ससून’ आणि ‘सुसान’ ही एकाच मुळाची नावे आहेत. तसे नाही. लूक ८:३ मध्ये प्रभूची सेवा करणाऱ्या ज्या सुसान्नेचा उल्लेख आहे, तिचे नाव ‘शोशन्ना’ या शब्दापासून आले. त्याचा अर्थ कमळासारखे किंवा लिलीसारखे फूल. ‘ससून’ हा शब्द मात्र एका क्रियापदापासून आला आहे, ज्याचा अर्थ हर्षाने उचंबळणे, मन भरून उल्हासणे. परमेश्वर आपल्या लोकांविषयी उल्हास करतो असे जेथे सांगितले आहे, तेथे हेच क्रियापद आहे. सफन्या ३:१७ आणि यिर्मया ३२:४१ ही दोन ठिकाणे जरूर काढून पाहा. यिर्मयाच्या वचनात तर परमेश्वर म्हणतो की लोकांचे भले करण्यात मला उल्हास वाटेल. म्हणजे हा आनंद पहिल्याने देवाचा आहे. माणसाला तो देवाकडून मिळतो.

माणसाचे नाव म्हणूनही हा शब्द जुना आहे. यहूद्यांच्या तालमूद ग्रंथातील ‘सुक्का’ या भागात ससून आणि सिमहा अशा नावांच्या दोन माणसांची एक मजेदार हकिकत आहे. ‘सिमहा’ हाही आनंदाचाच हिब्रू शब्द. आपल्या दोघांत मोठा कोण यावरून त्यांची जुंपली. ससूनने यशयाचे वचन काढून दाखवले, कारण त्यात ससून आधी आणि सिमहा नंतर येतो. सिमहाने एस्तेरच्या पुस्तकातले वचन काढले, कारण त्यात सिमहा आधी आहे! आपल्या मराठी पवित्र शास्त्रात ही जोडी बहुधा ‘आनंद’ आणि ‘हर्ष’ अशी भेटते. यहूदी विवाहाच्या आशीर्वादांतही हे दोन शब्द आजवर जोडीने म्हटले जातात.

मराठी कानाला मात्र ‘ससून’ म्हटले की ‘सोसणे’ आठवते. भाषेच्या दृष्टीने या दोघांचा काही संबंध नाही. पण शास्त्रात हा शब्द जेथे जेथे येतो ती ठिकाणे पाहिली म्हणजे आपला कान फारसा चुकलेला नाही असे वाटते.

३. शास्त्रात हा शब्द कोठे कोठे येतो?

जुन्या करारात ‘ससून’ हा शब्द २२ वेळा आला आहे : यिर्मयात ७ वेळा, यशयात ६ वेळा, स्तोत्रांत ५ वेळा, एस्तेरमध्ये २ वेळा आणि योएल व जखऱ्या यांत एकेकदा. सर्व वचने येथे पाहता येणार नाहीत. आपल्या सेवेशी ज्यांचा जवळचा संबंध आहे अशी पाच ठिकाणे घेऊ.

*(अ) चिरडलेली हाडे — स्तोत्र ५१:८.* हे दाविदाच्या पश्चात्तापाचे स्तोत्र. पाप उघड झाले आहे, मन खचले आहे, आणि तो देवाला विनवतो की मला आनंदाचा शब्द ऐकू दे, म्हणजे तू चिरडलेली माझी हाडे उल्हासतील. येथे दोन गोष्टींकडे लक्ष द्या. पहिली, हा शब्द मोडलेल्या हाडांच्या शेजारी बसला आहे. दुसरी, दाविद आनंद ‘ऐकू दे’ म्हणतो. तो स्वतःच्या मनातून आनंद काढू शकत नाही. कोणीतरी तो त्याच्या कानावर घालायला हवा. मोठ्या रुग्णालयात आलेल्या वाडीवरच्या माणसाची अवस्था नेमकी अशीच असते. आपल्याला काय झाले आहे, पुढे काय होणार आहे, उद्या कोणत्या खिडकीपाशी उभे राहायचे आहे, यांतले काहीच त्याला ठाऊक नसते. त्याला त्याच्या भाषेत, शांतपणे, दोनदा सांगणारे कोणी भेटले, तर त्याचा चेहरा औषधाआधीच बदलतो. हे मी पुष्कळदा पाहिले आहे. याच स्तोत्राच्या १२ व्या वचनात दाविद पुन्हा हाच शब्द वापरतो आणि तारणाचा हर्ष मला परत दे असे मागतो. ज्याने गमावले आहे त्याचे हे मागणे आहे.

*(आ) रोग्यांची वाट — यशया ३५.* हा अध्याय कृपा करून पूर्ण वाचा. पहिल्याच वचनात रान आणि रूक्ष भूमी उल्हासेल असे म्हटले आहे. तेथे ‘ससून’ ज्यापासून आला तेच क्रियापद आहे. शेवटच्या, म्हणजे १० व्या वचनात ‘ससून’ हा शब्द येतो आणि शोक व उसासे पळून जातात. या दोन टोकांच्या मध्ये काय आहे? आंधळ्यांचे डोळे उघडतात, बहिऱ्यांचे कान मोकळे होतात, लंगडा हरणासारखा उड्या मारतो, मुक्याची जीभ गाऊ लागते, रानात पाण्याचे झरे फुटतात आणि चुकण्याची भीती नाही असा एक राजमार्ग तयार होतो. रुग्णालयाच्या दारावर कोरण्यासाठी याहून योग्य शब्द शोधूनही सापडला नसता. आजींच्या प्रश्नाचे उत्तर मला याच अध्यायात मिळाले. आजार आहे तेथेच या आनंदाचे काम आहे.

पण वचन ३ आणि ४ गाळू नका. तेथे एक आज्ञा आहे : गळालेले हात बळकट करा, लटपटते गुडघे स्थिर करा, घाबरलेल्यांना धीर द्या. ही आज्ञा रोग्यांना दिलेली नाही. ती ज्यांच्या अंगात बळ आहे त्यांना, म्हणजे तुम्हांआम्हांला दिली आहे. वचन १० मधील ससून वचन ३ मधील हातांच्या वाटेने येतो.

*(इ) विहीर — यशया १२:३.* तारणाच्या विहिरींतून तुम्ही आनंदाने पाणी काढाल, असे हे वचन आहे. येथेही शब्द ‘ससून’च. यरुशलेमात मांडवांच्या सणात शिलोहाच्या तळ्यातून पाणी आणून वेदीपाशी ओतत, तेव्हा मोठा उत्सव होई. याच सणाच्या शेवटल्या दिवशी प्रभू येशूने उभे राहून तान्हेल्यांना आपल्याकडे बोलावले (योहान ७:३७). मांडवाला हिब्रूत ‘सुक्का’ म्हणतात. पुण्यात रास्ता पेठेत बेने इस्राएल बांधवांचे ‘सुक्कथ शेलोमो’ हे १९२१ चे प्रार्थनामंदिर आहे. त्या नावात हाच शब्द आहे.

शहरात नळ सोडला की पाणी येते, म्हणून आपण हे वचन सहज वाचून जातो. पण एप्रिल-मे महिन्यांत जुन्नर-आंबेगावच्या घाटमाथ्यावर जा. ज्या डोंगरावर पावसाळ्यात पाऊस थांबत नाही, त्याच डोंगरावर उन्हाळ्यात बाया डोक्यावर हंडा आणि कडेवर लेकरू घेऊन झऱ्यापर्यंत उतरतात आणि पाणी वाटीवाटीने भरतात. वाडीजवळच्या विहिरीला पाणी लागते त्या दिवशी त्यांच्या तोंडावर जे असते, ते यशयाला म्हणायचे आहे. आपल्या ठिकाणी एकदा बायबल अभ्यासात हे वचन वाचले, तेव्हा ठाकर समाजातील एका ताईने विचारले की या विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असते का? याहून चांगला प्रश्न मी कोणत्याही पाळकाकडून ऐकलेला नाही.

*(ई) आनंदाचे तेल — यशया ६१:३ आणि स्तोत्र ४५:७.* दोन्ही ठिकाणी ‘ससूनचे तेल’ अशीच शब्दयोजना आहे. स्तोत्रातील वचन इब्री लोकांस पत्र १:९ मध्ये पुत्राविषयी, म्हणजे प्रभू येशूविषयी घेतले आहे. यशया ६१ तर आपल्या परिचयाचा. नासरेथच्या सभास्थानात प्रभूने याच अध्यायाचा आरंभ वाचला आणि हा शास्त्रलेख आज पूर्ण झाला आहे असे सांगितले (लूक ४:१६–२१). प्रभूने जेथे वाचन थांबवले, त्याच्या थोडेसेच पुढे हे तेल आहे : शोक करणाऱ्यांना राखेऐवजी शिरोभूषण आणि शोकाऐवजी आनंदाचे तेल. दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, आंधळ्यांना दृष्टी आणि मग हे तेल, असा क्रम आहे. ज्याच्या डोक्यावर राख आहे त्याच्याच डोक्यावर ते ओतायचे आहे. प्रभूच्या सेवेचा जाहीरनामा आणि ‘ससून’ हा शब्द असे एका अध्यायात राहतात.

*(उ) गावातला आवाज — यिर्मया.* यिर्मया ‘आनंदाचा शब्द व हर्षाचा शब्द, नवऱ्याचा शब्द व नवरीचा शब्द’ अशा अर्थाची जोडी चार वेळा वापरतो. ७:३४, १६:९ आणि २५:१० या तीन ठिकाणी हा आवाज बंद पडेल असे सांगितले आहे. २५:१० मध्ये तर जात्याची घरघर आणि दिव्याचा उजेडही नाहीसा होईल असे आहे. कातकरी वाडीत काम करणाऱ्यांना हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. दिवाळी सरली की घरेच्या घरे वीटभट्ट्यांवर निघून जातात. दारांना कड्या, चुली थंड, दिवे नाहीत. मागे राहतात ती म्हातारी माणसे. लेकरांची शाळा सुटते ती बहुधा कायमची. मग यिर्मया ३३:११ वाचा. तोच आवाज त्याच ओसाड गावात पुन्हा ऐकू येईल असे वचन परमेश्वराने दिले आहे. यिर्मयाने हे वचन पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत असताना सांगितले (३३:१). हे विसरू नये.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हे वचन ज्यांच्यासाठी होते त्यांना धरून बाबेलला नेण्यात आले. बाबेलचे अवशेष आजच्या बगदादच्या दक्षिणेस आहेत. बंदिवासात गेलेल्या लोकांचे वंशज त्या देशात पिढ्यान्‌पिढ्या राहिले. बगदादचे यहूदी आपले मूळ तेथवर नेत. परक्या देशात राहूनही त्यांनी वचनातला हा शब्द आपल्या मुलांना नाव म्हणून दिला. पुढे छळामुळे तेथूनही निघावे लागले, आणि निर्वासिताच्या पाठीवर बसून तो शब्द मुळा-मुठेच्या काठी आला.

४. सुकलेला आनंद आणि खोटा आनंद

अभ्यास प्रामाणिक व्हायचा तर दोन कठीण वचनेही पाहिली पाहिजेत.

योएल १:१२ मध्ये द्राक्षवेल, अंजीर, डाळिंब आणि रानातली सर्व झाडे सुकली असे सांगून संदेष्टा म्हणतो की मनुष्यांचा आनंदही सुकून गेला. म्हणजे पीक आणि आनंद यांचा संबंध शास्त्र नाकारत नाही. ज्याच्या भाताची आवणी पावसाने बुडवली, ज्याचा हिरडा मातीमोल भावाने गेला, त्याला “प्रभूमध्ये आनंद कर” एवढेच सांगून परत फिरणे योएलच्या मनाला पटले नसते.

यशया २२:१३ हे याहून कठीण. वेढ्यात सापडलेल्या यरुशलेमात परमेश्वराने रडायला आणि शोक करायला सांगितले, तर लोकांनी बैल-मेंढरे मारून मेजवान्या झोडल्या. तेथेही संदेष्ट्याने ‘ससून’ हाच शब्द वापरला आहे. शेजारी माणूस रडत असताना आपण केलेला आनंद देवाला मान्य होत नाही. म्हणून शब्द गोड आहे एवढ्यावर भागत नाही. तो आनंद कोणाच्या जिवावर आहे हेही पाहावे लागते.

येथे डेव्हिड ससून यांच्या घराण्याविषयीही सत्य सांगितले पाहिजे. त्यांच्या पेढीच्या व्यापारात सूत, कापूस आणि कापड होते, तशीच चीनला जाणारी अफूही होती. त्या काळी इंग्रजांच्या कायद्याने हा व्यापार वैध होता आणि इंग्रज सरकार स्वतः त्यात होते. पण त्या अफूने चीनमधील असंख्य घरे उद्ध्वस्त झाली. दारूने उजाडलेल्या वाड्यांत आपण काम करतो, म्हणून नशेचा आनंद घराचे काय करतो हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मग त्या दानाचे काय म्हणायचे? मला वाटते, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. रुग्णालयाने पिढ्यान्‌पिढ्या गरिबांना आसरा दिला, हे खरे. दानाने व्यापाराचा हिशेब पुसला जात नाही, हेही खरे. यहूदी लोक दानाला ‘त्सेदाका’ म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ नीतिमत्त्व, न्याय असा आहे. हा अर्थ देणाऱ्या प्रत्येकाला, तुम्हांला आणि मलाही, विचारतो : हातात आलेला पैसा कसा आला, आणि तो देताना मी उपकार करतो आहे की देणे फेडतो आहे?

५. या अभ्यासातून आपण काय घ्यावे?

पहिली गोष्ट. शास्त्रातला ससून दुःखाच्या बाहेर बसून मिळत नाही. चिरडलेली हाडे, रूक्ष भूमी, राख, ओस गाव, हेच त्याचे पत्ते आहेत. प्रभू येशूनेही आपल्यापुढे ठेवलेल्या आनंदाकरता वधस्तंभ सहन केला (इब्री १२:२). आपल्याला आनंद हवा असेल, तर तो कोठे राहतो तेथे जावे लागेल.

दुसरी गोष्ट. हा आनंद लहान लहान कामांच्या रूपाने येतो. आमच्या अनुभवात डोंगरातून आलेल्या रुग्णाला सर्वांत आधी लागते ती सोबत. केसपेपर कोठे काढायचा, कोणत्या मजल्यावर जायचे, रक्ताच्या तपासणीचा कागद कोणाला दाखवायचा, हे सांगणारा एक माणूस. मग रेशनकार्ड आणि आधारकार्ड यांची खटपट. कारण महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या सरकारी योजनेचा लाभ कागदावाचून मिळत नाही आणि कातकरी घरांत कित्येकदा कागदच नसतात. घोडेगावला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. तेथे अर्ज घेऊन जाणारे कोणी हवे असते. नातेवाइकाला रात्री पाठ टेकायला जागा, दोन वेळचा डबा, परतीचे एसटीचे भाडे, आणि गरज पडली तर रक्त देणारा एक निरोगी हात. यांतले एकही काम करायला मोठे शिक्षण लागत नाही. तुमची वर्गणी आणि तुमचा वेळ यांतून हेच होते.

तिसरी गोष्ट मला अधिक गंभीरपणे सांगायची आहे. आजारी माणूस दुबळा असतो, आणि वाडीवरून शहरात आलेला आजारी माणूस तर दुप्पट दुबळा. त्याच्या अडचणीचा उपयोग करून त्याच्याकडून कोणताही शब्द, कोणतीही कबुली काढून घेणे हे आपले काम नाही. प्रभूने दहा कुष्ठरोग्यांना शुद्ध केले. परत एकच आला (लूक १७:११–१९). न परतलेल्या नऊ जणांचे आरोग्य प्रभूने काढून घेतले नाही. आपण डबा देतो तो भुकेल्याला देतो, रक्त देतो ते गरजवंताला देतो. तो कोणत्या देवाचे नाव घेतो हे विचारून देऊ लागलो, तर आपल्या हातात शास्त्रातला ससून उरणार नाही.

चौथी गोष्ट. नाव खरे करायचे असते. यशयाचा हा शब्द पुण्याच्या मध्यभागी, हजारो लोक रोज ये-जा करतात अशा दारावर लिहिलेला आहे. तो तेथे राहील, ते आपल्या हाती नाही. पण डोंगरातून आलेल्या एका माणसापुरता तो खरा व्हावा, हे आपल्या हाती आहे. आपल्या मंडळीतील दहा घरांनी महिन्यातून एक दिवस दिला, तरी दर आठवड्याला दोन माणसे रुग्णांच्या सोबतीला राहू शकतील. या तिमाहीत ज्यांना हे शक्य आहे त्यांनी आपल्या पाळकसाहेबांकडे नाव द्यावे, ही नम्र विनंती.

मंडळीत चर्चेसाठी प्रश्न

१. यशया ३५ वाचा. वचन ३ मधील आज्ञा आणि वचन १० मधील आनंद यांचा संबंध तुमच्या शब्दांत सांगा.

२. स्तोत्र ५१:८ मध्ये दाविद आनंद ‘ऐकू दे’ असे का म्हणतो? तुमच्या दुःखाच्या काळात आनंदाचा शब्द तुम्हांला कोणी ऐकवला?

३. यशया २२:१३ मधील आनंद देवाला का नको होता? आपल्या सणांत आणि लग्नकार्यांत आपण कोणाचा विसर पडू देतो?

४. तुमच्या घराजवळ कामासाठी आलेली आदिवासी कुटुंबे आहेत का? त्यांतील एका तरी कुटुंबाची नावे तुम्हांला माहीत आहेत का?

प्रार्थनेचे विषय

पुण्यातील सर्व रुग्णालयांत सेवा करणारे डॉक्टर, परिचारिका, वॉर्डातील मामा-मावशी आणि रात्रपाळीचे सर्व कर्मचारी यांना बळ मिळावे म्हणून. आंबेगाव, जुन्नर, खेड, मावळ, मुळशी, राजगड (वेल्हे) आणि भोर या तालुक्यांतील आजारी आदिवासी बांधवांना वेळेवर उपचार मिळावेत म्हणून. वीटभट्ट्यांवर गेलेल्या लेकरांची शाळा सुटू नये म्हणून. आणि आपल्यासाठी, की दुसऱ्याच्या कानावर आनंदाचा शब्द घालण्याचे काम प्रभूने आपल्याकडून करून घ्यावे.

प्रभूची कृपा आपणां सर्वांबरोबर असो. आमेन.